कुलूपघडी

समोरच्या बिऱ्हाडातल्या ताईंची आणि माझी पहिली भेट सुरू झाली तेव्हा माझ्या हातात विजेचं बिल होतं. भेट संपली तेव्हा ते बिल राहिलं नव्हतं.

नव्या घरात येऊन आम्हाला दोनच दिवस झाले होते. बिल कुठे भरायचं ते विचारायला मी त्यांची बेल वाजवली. दार उघडणाऱ्या बाईंनी बिल माझ्या हातातून घेतलं, कपाळावरचा चष्मा नाकावर आणला, आणि मी "नमस्कार, मी समोर राहायला" एवढं म्हणेपर्यंत त्याला चार घड्या पडल्या. "आलोय" म्हणेपर्यंत तळ तयार झाला. माझी नोकरी आणि बायकोचं माहेर सांगून होईतो त्याला सहा भिंती आणि वर पाकळ्यांचं झाकण आलं होतं. आणखी मिनिटभर थांबलो असतो तर त्यांनी मलाही आत भरून वर रिबीन बांधली असती, याविषयी माझ्या मनात आजही शंका नाही.

"पुढच्या चौकात भरतात," डबी माझ्या हातात ठेवत त्या म्हणाल्या. "एकच्या आत जा. नंतर तो जेवायला जातो."

खिडकीतल्या माणसाने डबी उलटसुलट पाहिली, कानाशी धरून हलवली आणि विचारलं, "आत काय आहे?"

"आत काही नाही," मी म्हणालो. "जे आहे ते बाहेरूनच आहे."

ताईंचा यात दोष नव्हता. दोष त्यांच्या बोटांचा होता. चौतीस वर्षं त्या एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होत्या. औषधाची पूड कागदात बांधून द्यायची, त्या काळापासून. दिवसाला तीनशे पुड्या, प्रत्येकीवर सुवाच्य अक्षरात सूचना: जेवणानंतर एक, कोमट पाण्यातून. मग डॉक्टरांची नजर अधू झाली, दवाखान्याच्या जागी मोबाइलचं दुकान आलं आणि ताई घरी आल्या. घर म्हणजे धाकट्या भावाचं. भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा आणि घरात वाद झाला की डोळ्याला भिंग लावून बसायचा. भावजय शांत, गोलसर आणि जागची न हलणारी. आणि ताईंच्या पायाला भिंगरी. पहिल्या दोन महिन्यांत त्यांनी घरातला प्रत्येक कागद दुमडला. भावाला एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाची पावती शेवटी टिकल्यांची डबी म्हणून सापडली.

"वन्सं, जरा टेका ना," भावजय म्हणायची.

"टेकलेच होते," ताई म्हणायच्या. तेव्हा त्या खिडकीतून वाकून खालच्या कपड्यांची मोजदाद करत असायच्या.

भावजयीच्या हाताला चव होती. आल्याची बिस्किटं आणि अक्रोड घातलेली चॉकलेटं ती घरीच करायची. गल्लीत कुणाचा वाढदिवस असला की पाहुण्यांना निघताना द्यायला तिच्याकडून खाऊ जायचा. तो जायचा ताटात, वर रुमाल झाकून, आणि पोचायचा चुरा होऊन. ताईंनी हे चुऱ्याचं प्रकरण एकदाच पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्या जाड कागदाचे तीन गठ्ठे घेऊन आल्या.

तो उद्योग पाहायला मी मुद्दाम जाऊन बसत असे. ताई कागद आधी गालाला लावून बघायच्या. "कागदाला अंग असतं," त्या सांगायच्या. "अंगाच्या बाजूने दुमडला तर ऐकतो, आडवा दुमडला तर तडकतो. माणसासारखंच." मग दवाखान्यातलं पूड सारायचं चपटं पातं दाबून घडी पाडायच्या. आत लोणी न शोषणारा कागद, वर चांदणीचं झाकण, बाजूला कातरलेली नक्षी. आणि सवयीने तळाला सूचना: जेवणानंतर एक.

"वन्सं, लोक काय औषध घेणार आहेत?" भावजयीने हात जोडले. तेव्हापासून ताईंनी डबीवर अक्षरही लिहिलं नाही. पुढचं सगळं रामायण त्यातून झालं.

एका दुपारी ताई जिन्यात माझी वाट बघत उभ्या होत्या. माझ्या हातातलं वर्तमानपत्र घेऊन त्यांनी दुमडायला सुरुवात केली, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

"भिंतीला कान लावला नव्हता, पण भिंत पातळ आहे," त्या म्हणाल्या. "ती भावाला सांगत होती, वन्संची खोली मोकळी झाली तर मोठा ओव्हन घेता येईल."

"मग भाऊ काय म्हणाले?"

"त्याने भिंग लावलं."

ती खोली म्हणजे एक खाट, एक खिडकी आणि दार लावून घ्यायची सोय. पण बाईमाणसाने वयाच्या साठीत भावाच्या घरी राहायचं, तर दार लावून घ्यायची सोय हीच इस्टेट. ताईंनी आपल्या परीने उपाय काढला. खोलीत इतका कागद भरायचा आणि डब्या इतक्या अफलातून करायच्या, की खोलीला हात लावायची कुणाची छाती होऊ नये. त्या अस्वस्थपणात त्यांना कुलूपघडी सुचली. डिंक नाही, दोरा नाही. झाकणाच्या चार पाकळ्या एकमेकींखाली जायच्या आणि शेवटची पहिलीखाली. स्कूटरवरून पडली तरी डबी उघडायची नाही. आमच्या स्कूटरवरून पाडून आम्ही खात्री करून घेतली. उघडायला एक विशिष्ट कोपरा अंगठ्याने दाबायचा, बस. कुठला कोपरा, ते ताईंना माहीत होतं.

कोपऱ्यावरच्या दंतवैद्याच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस आला. साठ पाहुणे, साठ डब्या, सगळ्या कुलूपघडीच्या. दाताच्या डॉक्टराने गोड वाटायचं म्हणजे धंद्याची पेरणीच, पण ते असो. निळ्या कागदाच्या त्या साठ डब्या टेबलावर मांडल्या तेव्हा पाहुणे नवराबायकोला सोडून तिकडे गोळा झाले.

दुसऱ्या दिवसापासून भावजय कौतुकाची वाट बघू लागली. कौतुक भरपूर आलं.

"डब्या काय सुंदर हो," शिंप्याची बायको म्हणाली.

"आणि आतलं?"

"आतलंही सुंदरच असणार."

दुसरी म्हणाली, डबी आम्ही शोकेसमध्ये ठेवलीय. तिसरी म्हणाली, आमच्या विहीणबाई बघतच राहिल्या. बिस्किटाबद्दल कुणी चकार शब्द काढेना. आलं जास्त झालं का, अक्रोड खवट निघाले का, भावजयीचा जीव टांगणीला लागला. जी बाई कधी जागची हलत नसे ती घरभर फिरू लागली, आणि दोघी नणंदा-भावजया फिरताना एकमेकींना धडकू लागल्या. आठव्या दिवशी भावजयीने ओव्हनवर जुनी चादर घातली.

"नाकापेक्षा मोती जड झाला, वन्सं," ती म्हणाली. "माझं आता पुरे." आणि खुर्चीत जाऊन बसली.

ताई तडक आमच्याकडे आल्या. आमची डबी टीव्हीवर होती.

"उघडली नाहीत?"

"फाडायचं जिवावर आलं हो," आमची ही म्हणाली. खरं म्हणजे मी कात्री घेऊन दोनदा गेलो होतो आणि दोनदा हिने माझा हात धरला होता.

ताईंनी कोपरा दाबला. भरपेट जेवलेल्या माणसाने पट्टा सोडावा तशी डबी सैल झाली. आत तीन बिस्किटं, दोन चॉकलेटं आणि शिस्तीत चाललेली मुंग्यांची रांग. ताई स्टुलावर बसल्या. त्यांना बसलेलं मी प्रथमच पाहत होतो. चौतीस वर्षं पुडीपुडीवर कशी घ्यायची ते लिहिणाऱ्या बाईने, जी एकच डबी उघडायला शिकवावी लागते तिच्यावर काही लिहिलं नव्हतं. अर्ध्या मिनिटाने त्या उठल्या.

"चला. यादी घ्या."

जिना उतरताना त्या म्हणाल्या, "ओव्हन बंद राहिला तर खोली माझी राहते. तेवढं गणित मला येतं."

"मग कशाला चाललोय?"

"ती नुसती बसून आहे. मला बघवत नाही."

दोन दिवस आम्ही दारोदार फिरलो. ताई आत शिरायच्या, शोकेसमधली डबी काढायच्या, कोपरा दाबायच्या आणि घरातल्या माणसाच्या तोंडात बिस्किट जाईपर्यंत समोर उभ्या राहायच्या. दंतवैद्य म्हणाला, "मी गोड खात नाही." ताई म्हणाल्या, "आ करा." उभ्या आयुष्यात त्याला हे कुणी म्हटलं नसावं. त्याने आ केला.

साठांपैकी एक्केचाळीस घरी दार उघडलं. ताईंनी घरी येऊन भावजयीच्या खुर्चीसमोर उभं राहून अहवाल दिला.

"सादळली होती. तरी लोकांनी दोनदोन खाल्ली. शिंपीणबाईंनी तुझ्याकडून डबाभर सांगितलीत, नुसती. आलं बरोबर आहे."

"खोटं सांगत नाही ना, वन्सं?"

"मी औषधं दिलीत जन्मभर. खोटं सांगायची सोय नव्हती."

भावजयीने चादर काढली.

बिस्किटांची चव लागल्यावर लोकांना ती ढिगाने हवी झाली, आणि लगेच. एका कुलूपघडीला पाऊण तास लागतो. दुकानातल्या पारदर्शक पिशवीला काहीच लागत नाही, शिवाय आतलं दिसतं. मोठा ओव्हन दोन महिन्यांनी आला.

तो ताईंच्या खोलीत आहे. ताई हॉलमध्ये दिवाणावर झोपतात.