मामांनी मोजलेली चित्रं

एका सकाळी बाभुळगावहून मामीचा फोन आला. “वैशू, तुहे मामा गेले. चहा घेतला, साखर कमी हाय म्हणाले, अन् बसल्या जागी मान टाकली.” मग थोडं थांबून, रडत रडतच म्हणाली, “साखर बरोबर होती...” त्याला आता दीड महिना झाला.

मामा जन्मभर भूमापक. लोकांच्या जमिनी मोजल्या, भावाभावांची भांडणं ऐकली, निवृत्त झाले आणि घर मोजायला लागले. पोळपाटापासून उंबरठ्यापर्यंत. शेवटी मामीनेच मला गळ घातली, “यायले काही काम दे वो माय.”

मी यवतमाळच्या एका मानसोपचार केंद्रात नोकरीला. आमच्या डॉक्टरबाई तेव्हा रुग्णांनी काढलेली चित्रं तपासत होत्या. चित्र कशाचं आहे ते बघायचं नाही. कागदाचा किती भाग भरला, रेघ किती दाबून ओढली, रंग किती वापरले, आकृती कुठल्या कोपऱ्यात आहे, एवढंच मोजायचं. त्यावरून आजाराचा काही माग लागतो का, हे त्यांना पाहायचं होतं. चित्र कोणाचं, हे मोजणाऱ्याला कळू नये म्हणून कागदावर फक्त क्रमांक असायचा.

मामा कामावर खूश. पारदर्शक प्लास्टिकवर चौकोन आखून ते चित्रावर ठेवायचे, भरलेले चौकोन मोजायचे आणि शेऱ्यात लिहायचे, ‘उत्तरेस पडीक.’

“काका, पडीक नाही, रिकामं लिहा,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

“रिकामं म्हणजे कोनाचंच नाही, बाई. पडीक म्हणजे मालक हाय, पेरलं नाही.”

डॉक्टरबाईंनी तो शब्द राहू दिला.

एका क्रमांकाची चित्रं मात्र दर आठवड्याला लहान होत चालली होती. कोपऱ्यात एक घर, शेवटी तर सुपारीएवढं. ती रुग्ण अधिकच कोषात चाललीय असं डॉक्टरबाईंना वाटलं; औषध वाढवायचं ठरत होतं. मामा अस्वस्थ. क्रमांकांची वही माझ्याकडे असायची. त्यांनी मला नाव विचारलं आणि मी सांगितलं... हे आज कबूल करते. फुलसावंगीच्या शांताबाई. मामा सरळ वॉर्डात जाऊन त्यांच्यासमोर बसले.

“बाई, एवढा कागद पडीक काहून ठेवला?”

“लेकीले चिठ्ठी लिहाची हाय,” शांताबाई म्हणाल्या. “वाटलं, कोपऱ्यात काढलं तं उरलेला फाडून देतीन. पन तुमी सगळाच घेऊन जाता.”

डॉक्टरबाई रागावल्या. “काका, तुम्ही नियम मोडलात. ही मोजणी बाद.”

“करा बाद. पन मोजनीच्या वक्ती मालक हजर पाह्यजे, हा आमचा नियम होता.”

त्यांनी ती मोजणी खोडली. मग औषध होतं तेवढंच ठेवलं, आणि त्या दिवसापासून प्रत्येकाला दोन कागद मिळू लागले, एक आमचा, एक त्यांचा. शांताबाईंची चिठ्ठी गेली, लेक भेटून गेली. पुढच्या चित्रावर मामांचा शेरा होता, ‘बांधापर्यंत पेरलं.’

गेल्या रविवारी मी बाभुळगावला गेले. बुद्धाच्या तसबिरीशेजारी मामांचा फोटो लावलाय, जरासा डावीकडे कललेला. मी हात पुढे केला तशी मामी म्हणाली, “राहू दे वाकडा. चाळीस वर्सं माह्या पोळपाटावरच्या पोयीची गोलाई पाह्यली त्यायनं.”

निघताना चपला घालून मागे वळून पाहिलं. मामी स्टुलावर चढली होती आणि एक डोळा मिटून, बोटाने फोटोची कड हळूहळू वर ढकलत होती.