चित्रापुढची अर्धी पोळी

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. आम्हाला अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला येऊन वर्षच झालं होतं. ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन होऊन तीन दिवस उलटले, तरी हे शुद्धीवर आले नव्हते. डॉक्टर नुसतं 'वाट पाहू' म्हणत. पहिल्याच रात्री मी दत्तापुढे हात जोडून बोलून गेले होते, "हे डोळे उघडेपर्यंत अन्नाला शिवणार नाही." बोलले खरी, पण देवाला अशी अट घालावी का, आणि इतक्या लांबून त्याला ऐकू तरी जातं का, काही समजत नव्हतं.

चौथ्या सकाळी नैवेद्याची गूळ-तुपाची पोळी फॉइलमध्ये गुंडाळून घेतली. हे शुद्धीवर आले की पहिला घास तिचाच द्यायचा होता. ट्रेननं शिकागोला गेले. आयसीयूत दुपारी एकच्या आधी सोडत नसत. बर्फ पडत होता, म्हणून जवळच्या चित्रसंग्रहालयात शिरले आणि पाय थकले तिथेच एका बाकावर बसले.

समोर एक जुनं डच चित्र होतं. अंधारं स्वयंपाकघर, पिठाचं भांडं उराशी धरलेली बाई, दारात दाढीवाला म्हातारा. बाकावर काठी घेऊन बसलेल्या एका अमेरिकन आजींनी विचारलं, "गोष्ट माहीत आहे?" मी नाही म्हटलं. त्यांनी हळूहळू इंग्रजीत सांगितली, बायबलमधली. दुष्काळ पडलेला. विधवेकडे मूठभर पीठ आणि थोडं तेल. ते संपलं की ती आणि तिचा मुलगा उपाशी मरणार. अशात हा देवाचा माणूस येतो आणि म्हणतो, आधी मला भाकरी दे.

"किती निर्दय!" माझ्या तोंडून निघून गेलं.

आजी हसल्या. "मलाही तसंच वाटायचं. पण तिनं दिली, आणि दुष्काळ सरेपर्यंत तिचं पीठ संपलंच नाही." मग एकाएकी त्यांचा चेहरा उतरला, कपाळावर घाम आला. "माझी शुगर कमी होतेय. तुझ्याकडे खायला काही आहे?"

सांगायला लाज वाटते, पण मी पर्स घट्ट धरली. ती ह्यांची पोळी होती. दत्त भिक्षा मागत दारी येतो, हे लहानपणापासून ऐकलेलं. पण तो इथे, या बाईच्या रूपात? की मी भुकेनं भ्रमिष्ट झाले होते? शेवटी फॉइल उलगडलं. तिथे खायला मनाई होती, पण पलीकडच्या गार्डनं आमच्याकडे पाहिलं आणि पाठ फिरवली.

अर्धी पोळी खाऊन त्या सावरल्या. उरलेली माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "खा. तूही उपाशी दिसतेस."

आणि मी खाल्ली. नवस मोडतोय हे ठाऊक असताना खाल्ली.

हॉस्पिटलपर्यंत रडतच गेले. ह्यांचं काही बरंवाईट झालं तर माझ्यामुळेच, हे एकच डोक्यात. नर्स दारातच भेटली. "होतात कुठे? सकाळपासून तुमच्या घरी फोन करतोय. साडेनऊला त्यांनी डोळे उघडले."

साडेनऊला मी ट्रेनमध्ये होते. तेव्हा पोळी पर्समध्येच होती. ज्याच्यासाठी मी उपाशी होते, ते मला केव्हाच मिळालं होतं. मग त्या आजी कशाला आल्या? मला खाऊ घालायला, की त्यांना खरोखरच भूक लागली होती? त्यांचं नावही मी विचारलं नव्हतं.

ह्यांनी खोल गेलेल्या आवाजात पहिलं विचारलं, "जेवलीस का?"

"हो," मी म्हटलं.

गोंधळ अजून पुरता सुटलेला नाही, आणि आता तो सुटावा असा हट्टही उरला नाही. रोज दत्तापुढे उभी राहते. मागायचं ते मागते, अट मात्र घालत नाही. तो केव्हा देईल आणि कुणाच्या हातून, ते त्याच्यावर सोडते.