कॅरिअर नसलेली सायकल

इंदूरच्या पलासिया भागातल्या बँकेतले हे गृहस्थ दर रविवारी आमच्याबरोबर डोंगरावर यायचे. चोरल स्टेशनापासून पायथ्यापर्यंत आम्ही दोन तास पायी जायचो. यांनी तेवढ्यासाठी बाजारात नवीन आलेली गिअरची सायकल घेतली आणि तासाभरात पोचू लागले. उरलेला तास ते आमची वाट बघत बसत, तो कसा वाचवला हे सांगायला. सांगताना अंगठ्याने हवेतच गिअर बदलत.

एकदा उतरताना माझा पाय मुरगळला. कसाबसा पायथ्याशी आलो आणि म्हटलं, मला मागे बसवा.

“भिया, कॅरिअरच नाही ना! फालतू वजन वाढतं,” म्हणाले आणि गेले.

शेवटी, इंदूरची मिल बंद पडल्यावर गावी परतलेल्या एका कामगाराने आपल्या जुन्या काळ्या सायकलवरचं भाजीचं पोतं उतरवलं, रस्त्याकडेच्या घरात ठेवलं आणि मला स्टेशनावर आणून सोडलं.

सोमवारी पोह्याच्या ठेल्यावर गृहस्थ चार जणांना सांगत होते, “परतताना फक्त चालीस मिनिट!” मग माझ्या प्लास्टरकडे बोट दाखवून म्हणाले, “याच्यापाशी पाँच मिनिट थांबलो, नहीं तो पैंतीसच लागले असते.”