मेथीचं निमित्त

दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेली मुलगी फोनवर आईला सांगत होती, "अगं, एचपीव्हीची टेस्ट करायला आलेय. लैंगिक आजारांच्या बाकीच्या टेस्टही करून घेते. हो, तोही करणारे. लग्नाआधी झालेलं बरं." आवाज जराही खाली न आणता.

मला आईची भाजीची पिशवी आठवली. आईला तसलं काही दुखणं झालं, की शेजारच्या सुलूमावशी दारातूनच हाक मारायच्या, "चला वहिनी, मेथी आणू." भर दुपारी कोण मेथी आणतं! पण घरात कुणी विचारत नसे. डॉक्टरीणबाईंकडून परतताना दोघी खरोखरच मेथी घेत, खोटं बोलल्यासारखं नको म्हणून. उन्हानं मान टाकलेली जुडी वर, औषधं खाली. मग मेथी निवडता निवडता मावशी हळूच विचारायच्या, "फार दुखलं का हो?"

ती लपवाछपवी संपली ते फार चांगलं झालं. पण त्या चोरीत सोबत होती. मी आज घरी खरं सांगून आले होते, आणि एकटीच आले होते. सवयीनं आणलेली रिकामी पिशवी तेवढी मांडीवर होती.

माझं नाव पुकारलं. उठताना मी पिशवी छातीशी धरली. ती मुलगी म्हणाली, "काकू, घाबरू नका, पटकन होतं. पिशवी द्या, मी धरते."

पिशवीत काहीच नव्हतं. तरी मी ती तिच्या हातात दिली.