मामांच्या विम्याचा हप्ता

मोटारविम्याचा हप्ता कसा ठरतो, हे साऱ्या नागपुरात एकट्या माझ्या बायकोच्या मामांना समजलं आहे, आणि त्यांनी समजावून सांगितलं की ते इतर कुणालाच समजत नाही. मामा जरीपटक्याला राहतात, निवृत्त ड्रॉइंग मास्तर. त्यांच्या गाडीला सायकलवाले मागे टाकतात. सिग्नल हिरवा झाला तरी "पक्का झाला काय, पाहू द्या" म्हणून ते थांबतात. अठरा वर्षांत गाडीवर ओरखडा नाही. शेजारचे कंत्राटदार मात्र महिन्याआड काहीतरी ठोकून येतात, आणि तरी थर्ड पार्टीचा, म्हणजे आपण ठोकलेल्याच्या भरपाईचा, हप्ता दोघांना सारखाच! हे कळलं त्या दिवशी मामांचं जेवण गेलं.

मला घेऊन ते विमा कचेरीत धडकले. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "काका, तो दर सरकार ठरवते. इंजिन पाहून."

"म्हणजे ठोकते इंजिन, माणूस नाही?"

"तसं नाही. क्लेम केला नाही तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा जो वेगळा हप्ता असतो, त्यात सूट मिळते ना."

"थे गाडीले का मले?"

"तुम्हाला. गाडी विकली तरी सूट तुमचीच."

"मंग तिथं माणूस धरता, इथं इंजिन धरता. काहून?"

बाईंनी नियमांचं पुस्तक उघडलं, मिटलं आणि चहा मागवला. मला तर आपल्याकडे गाडी आहे की नाही, इथपासून शंका येऊ लागली.

मामांनी सरकारला अर्ज लिहिला: हप्ता ठरवण्याआधी अधिकाऱ्याने चालकाशेजारी बसून काटोलपर्यंत जावे. योजनेची चाचणी म्हणून अधिकारी मलाच केलं. वही घेऊन मी शेजारी बसलो. काटोलच्या अलीकडे एक बाई रस्ता ओलांडत होती. मामांचा वेग कमी होईना. मी ओरडलो, ब्रेक लागला, बाई बाजूला उडी मारून वाचली. मामा उतरून तिच्याकडे गेले. "लागलं तं नाही वं माय?" त्यांनी दोनदा विचारलं. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मले दिसलीच नाही, जवाईबापू."

मी वहीत काही लिहिलं नाही. मामांनीच किल्ली माझ्या हातात दिली. कुठल्या कंपनीने मागितली नव्हती, कुठल्या नियमात तसं लिहिलं नव्हतं. परत येताना मी चालवत होतो आणि ते डावीकडे बसले होते. खिडकीबाहेरच्या संत्र्याच्या बागांकडे पाहत म्हणाले, "इतले झाडं कवा लागले इथं? मी तं आजवर रस्ताच पाहून राहिलो होतो."