आधी नमस्कार, मग चमत्कार

लॅबचं दार उघडलं की भाऊ लगेच आत यायचे नाहीत. दारातच थांबायचे. डोक्यावरची लोकरीची टोपी काढून हातात घ्यायचे, सगळ्यांवरून एकदा नजर फिरवायचे आणि म्हणायचे, "गुड मॉर्निंग, एव्हरीबडी." मग वाट पाहायचे. कुणाचा डोळा मायक्रोस्कोपला असो, कुणाच्या कानाला फोन असो, प्रत्येकाचं उत्तर आल्याशिवाय त्यांचं पाऊल आत पडत नसे. नवीन माणसाला वाटायचं, हा कुठला दरबारी थाट! आठवडाभरात तोच नवा माणूस दाराकडे बघत बसायचा.

"आपल्याकडे चमत्काराशिवाय नमस्कार नाही," ते मला मराठीत हळूच म्हणायचे. "माझं उलटं आहे बाप्पा. आधी नमस्कार, मग चमत्कार."

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी पुण्याहून लग्न होऊन कार्डिफला आले आणि हॉस्पिटलच्या रक्ततपासणी विभागात नोकरीला लागले. भाऊ तिथले सीनियर. मूळचे नागपूरकडचे. पहिल्या दिवशी माझं आडनाव ऐकून त्यांनी विचारलं, "मराठी का?" आणि संध्याकाळी वहिनींच्या हातचं जेवायला घरी नेलं. तेव्हापासून ते भाऊ आणि त्यांच्या पत्नी वहिनी. घरी कुणी आलं की दारातूनच "जयभीम" ऐकू यायचं आणि आतून भाऊंचा "जयभीम" असा काही यायचा की येणाऱ्याला दारातच पोट भरल्यासारखं वाटावं.

फ्रान्सचा विषय निघाला तो चहाच्या सुट्टीत. आमची ग्वेन नॉर्मंडीहून सुट्टी संपवून आली होती आणि भडकलेली होती. ग्वेन पक्की वेल्श, मनात येईल ते तोंडावर बोलणारी. "इतकी उद्धट माणसं मी जन्मात पाहिली नाहीत. दुकानात शिरून ब्रेड मागितला तर बाई माझ्याकडे अशी बघते की जणू मी तिची पर्सच मागितली!"

भाऊंनी बिस्किट चहात बुडवलं. "आत गेल्यावर आधी काय म्हणालीस?"

"म्हणाले, एक ब्रेड द्या. प्लीजसुद्धा म्हणाले!"

"बोंजूर म्हणालीस?"

"ब्रेड घ्यायला बोंजूर कशाला?"

भाऊंनी बिस्किट तोंडात टाकलं आणि ते सावकाश संपवलं. "ग्वेन, तू त्यांच्या घरात दार न वाजवता शिरलीस."

मग त्यांनी गोष्ट सांगितली. त्यानंतरच्या वर्षांत ती मी इतक्यांदा ऐकली की ते गाव मला माझ्याच लहानपणातलं वाटायला लागलं.

आदल्याच उन्हाळ्यात भाऊ, वहिनी आणि त्यांची शाळकरी मुलगी जुन्या गाडीत तंबू टाकून निघाले होते. सेव्हर्न नदीचा पूल ओलांडून प्लिमथ, तिथून फेरीनं रात्रभराचा प्रवास आणि सकाळी फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांताचा किनारा. उतरून थोडं आत जातात न जातात तोच गाडीनं मान टाकली. क्लचची केबल तुटली होती. रविवार. गावात चर्चची घंटा सोडली तर चिटपाखरू नाही. दगडी घरं, निळी दारं, भिंतींना टेकलेली हायड्रेंजियाची मोठमोठी फुलं. समुद्र दिसत नव्हता, पण वाऱ्याला त्याचा वास होता. एक बेकरी तेवढी उघडी होती आणि तिच्यात गावातली माणसं रांगेत उभी होती.

भाऊ घाईनं आत गेले आणि सरळ काउंटरपाशी जाऊन म्हणाले, "एक्सक्यूज मी, गॅरेज?"

सगळ्या माना वळल्या. काउंटरमागची बाई हातातला ब्रेड खाली ठेवून, एकेक अक्षर तोलत म्हणाली, "बोंजूर, मस्यू."

"मला वाटलं, हाकलते आहे," भाऊ सांगायचे. "मी परत फिरलोही होतो."

तेवढ्यात मागून त्यांची मुलगी कुजबुजली. ती कार्डिफमध्येच जन्मलेली, शाळेत फ्रेंच शिकणारी, आणि तिच्या मराठीत नर-मादी-नपुंसक सगळे एकाच घरात गुण्यागोविंदानं नांदायचे. "बाबा, ती बाई रागावला नाही. यू हॅव टू से बोंजूर पहिला."

भाऊंनी टोपी काढली. "बोंजूर," ते म्हणाले. आणि बेकरीतल्या सगळ्यांनी, पार मागच्या काठीवाल्या आजीपर्यंत, एकेकानं त्यांना उत्तर दिलं. "बोंजूर, मस्यू. बोंजूर, मस्यू."

इथं भाऊ दर वेळी थोडे थांबायचे. ग्वेनला आणि इतरांना वाटायचं, गोष्टीतला विनोद नीट पोचावा म्हणून थांबतात. एकदा आम्ही दोघंच बसस्टॉपवर उभे होतो तेव्हा त्यांनी मला पुढचं सांगितलं. "माझे वडील गावात शिरताना वाकून जोहार घालायचे. ज्याला घालायचे तो पुढे निघून जायचा. उत्तर द्यायचंच नाही, अशी रीत होती. मी त्यांच्या मागे चालायचो. मला वाटायचं, त्या माणसांना ऐकू कमी येत असेल." बस आली. भाऊ ड्रायव्हरला गुड ईव्हनिंग म्हणून चढले आणि त्या विषयावर पुन्हा कधी बोलले नाहीत.

तर बेकरीत. काउंटरच्या कडेला एक म्हातारबुवा बसले होते, त्या बाईचे सासरे. ते बाहेर आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि मागच्या ग्रेट ब्रिटनच्या 'जी.बी.' स्टिकरवर बोट ठेवून आनंदानं ओरडले, "लेझांग्ले!" म्हणजे इंग्लिश लोक आलेत!

"इतकी वर्षं या देशात राहिलो," भाऊ म्हणायचे, "टॅक्स भरला, क्रिकेटच्या शिव्या खाल्ल्या, पण इंग्लिश म्हणून मला ओळखलं ते फक्त त्या म्हाताऱ्यानं."

"आणि तू गप्प बसलास?" ग्वेन कडाडली. "वेल्श म्हणून सांगायचं की!"

"सांगितलं ना. तिथंच तर खरी मजा आहे."

भाऊ "कार्डिफ" म्हणाले मात्र, म्हातारबुवांनी त्यांचे दोन्ही खांदे धरले. तरुणपणी ते सायकलच्या हँडलला कांद्याच्या माळा लटकवून वेल्समध्ये दारोदार विकायला यायचे. त्या भागातली बरीच मंडळी तेव्हा हा धंदा करायची. ब्रिटनीची ब्रेटन भाषा आणि वेल्श या जुन्या बहिणी-बहिणी, त्यामुळे दोन्हीकडची माणसं एकमेकांचं थोडंफार समजून घ्यायची. म्हातारबुवांनी मागोमाग बाहेर आलेल्या सुनेच्या हातातला पाव उंचावला आणि भाऊंना म्हणाले, "बारा!" पावाला दोन्ही भाषांत हाच शब्द. भाऊंना ऐकू आलं "बरा".

"मी म्हटलं, हो, बराय, आपली कृपा!"

गाडीची केबल यायला दोन-तीन दिवस लागणार होते. तंबू कुठं ठोकायचा म्हणून भाऊ विचारत होते, तोवर म्हातारबुवांनी तंबूच उचलून घराकडे चालायला सुरुवात केली होती. भाऊ अंगणापर्यंत गेले आणि थांबले. कुणाच्याही घरात दोनदा बोलावल्याशिवाय शिरायचं नाही, ही त्यांची सवय मी कार्डिफातही पाहिलेली. म्हातारबुवा आतून ओरडत होते, सून खुणा करत होती, भाऊ आपले हायड्रेंजियापाशी उभे. शेवटी म्हातारबुवा बाहेर आले, त्यांनी भाऊंच्या दंडाला धरलं, आत नेऊन टेबलाच्या मधल्या खुर्चीवर बसवलं, आणि गरम पाव हातानं मोडून त्यांच्या हातात दिला.

तिथे वहिनींनी बकव्हीटच्या, म्हणजे कुट्टूच्या पिठाचं पातळ, जाळीदार काहीतरी तव्यावर पसरताना पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "अगंबाई, हे तर धिरडं!" संध्याकाळपर्यंत सून आणि वहिनी एका तव्यापुढे होत्या. एकीला मराठी येत नव्हतं, दुसरीला फ्रेंच, आणि धिरडी उलटायचा वाद मात्र रंगला होता.

त्यानंतर जवळजवळ दर उन्हाळ्यात ते तिथं जात राहिले. भाऊंनी जमेल तसं फ्रेंच उचललं. ग्वेननं गाडीला लावायला वेल्सच्या निशाणावरच्या लाल ड्रॅगनचं स्टिकर दिलं. पुढल्या खेपेला म्हातारबुवांनी भाऊंकडे एक चौकशी केली. कार्डिफच्या गोदीजवळ एक गल्ली होती. पावसात भिजून आलेल्या त्या कांदेवाल्या पोराला तिथल्या एका बाईनं स्वयंपाकघरात बोलावलं होतं, त्याचा कोट शेगडीपुढे वाळवला होता. ती गल्ली आहे का अजून?

भाऊंनी कित्येक शनिवार गोदीकडे घालवले. गल्ली कधीच पाडून टाकलेली, तिथं कौन्सिलचे फ्लॅट झालेले. मग त्यांनी काय करावं? दुसऱ्याच एका जुन्या गल्लीचा, भर पावसातला फोटो काढून नेला. म्हातारबुवांनी तो खिडकीशी नेऊन खूप वेळ पाहिला. "ही ती नव्हे," ते म्हणाले, "पण पाऊस तोच आहे." आणि फोटो भिंतीवर लावला.

तुम्ही म्हणाल, एखाद्या गावाचं नशिबानं जुळलं, त्यावरून सगळा देश कसा ओळखायचा? मीही हेच म्हटलं होतं. "पॅरिसचं मला विचारू नको," भाऊ हसले. "तिथं एका वेटरनं माझा अपमान केला. पण त्यानं शेजारच्या फ्रेंच माणसाचाही केला. भेदभाव नव्हता." मग गंभीर होऊन म्हणाले, "तू जाऊन तर ये."

नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही नवराबायको गेलो. वाटेत पेट्रोल पंपावर, कॅम्पसाइटवर, भाजीच्या बाजारात मी परीक्षेला बसल्यासारखी बोंजूर म्हणत होते. भाजीवालीनं टोमॅटो आज खायचे की उद्या, ते विचारून निवडून दिले. रस्ता विचारला तर एक गृहस्थ स्वतःची गाडी काढून पुढे निघाले आणि फाट्यापर्यंत सोडून हात हलवत परत गेले. त्या गावच्या बेकरीत मी नुसतं "कार्डिफ" म्हटलं. बाई काउंटर ओलांडून आली आणि आम्हा दोघांच्याही गालांचे मुके घेतले. आमच्या ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बाहेर उन्हात म्हातारबुवा खुर्चीत बसले होते. आता त्यांना फारसं दिसत नव्हतं. माझा हात हातात घेऊन त्यांनी अगदी स्वच्छ मराठीत विचारलं, "बरा?"

पुढच्याच हिवाळ्यात म्हातारबुवा वारले. अंत्यविधीला भाऊ एकटेच फेरीनं गेले. समुद्र खवळलेला, बोट जवळजवळ रिकामी. परत आल्यावर कॅन्टीनमध्ये मला म्हणाले, "चर्चमध्ये मी मागच्या बाकावर बसलो होतो. सून उठून आली, हाताला धरून पुढे घेऊन गेली. घरच्यांच्या रांगेत. त्यांची प्रार्थना चालू होती तेव्हा मी मनात बुद्धवंदना म्हटली." थोडा वेळ त्यांनी कप नुसताच हातात धरला. "घरच्यांच्या रांगेत," ते पुन्हा म्हणाले.

भाऊ रिटायर झाल्यावर लॅबच्या दाराकडे बघायची सवय मोडायला आम्हाला बरेच दिवस लागले. ते मात्र मजेत होते. बागेत कांदे लावायचे, ते कधी नीट यायचे नाहीत. मग आजारी पडले. तपासणीला त्यांचं रक्त आमच्याच लॅबमध्ये यायचं. नळीवरचं नाव वाचलं की ग्वेन ते काम स्वतःकडे घ्यायची. एका मार्च महिन्यात भाऊ गेले.

त्यांच्या मुलीनं ब्रिटनीला फोन केला. बेकरीवाली बाई आणि तिचा नवरा बेकरी बंद करून बोटीत बसले. क्रिमेटोरियमच्या हॉलमध्ये आम्ही सगळे पांढऱ्या कपड्यांत त्रिशरण-पंचशील म्हणत होतो, आणि त्यांत ती दोघं काळ्या कपड्यांत, मान खाली घालून उभी. वहिनींनी तिला जवळ ओढून घेतलं. दोघी पुष्कळ रडल्या.

वहिनींचं घर पाहुण्यांनी भरलेलं, म्हणून ती दोघं आमच्याकडे उतरली. दुसऱ्या दिवशी बाईनं खुणांनी विचारलं, समुद्र कुठं आहे? मी त्यांना कार्डिफजवळच पेनार्थच्या किनाऱ्यावर घेऊन गेले. भरती लागली होती. पाणी तपकिरी, थंड, गोट्यांवरून हळूहळू चढत येणारं. पलीकडे धूसर टेकड्या दिसत होत्या. तिनं तिकडे बोट दाखवून विचारलं, "ब्रतान्य?" म्हणजे त्यांची ब्रिटनी. मी मान हलवली. म्हटलं, नाही, ते इंग्लंड. ती जराशी हसली.

तिचा नवरा बाकावर सिगारेट पेटवून बसला. तिनं काळे बूट काढले, मोजे काढले, ते माझ्या हातात दिले आणि घोटाभर पाण्यात जाऊन उभी राहिली. माझ्याकडे पाठ करून ती बराच वेळ फ्रेंचमध्ये काहीतरी बोलत होती. मला सांगत होती की स्वतःशीच, ठाऊक नाही. मधे दोनदा भाऊंचं नाव आलं, तेवढंच मला कळलं. बाकीचं समजावून सांगणारं माणूस आता नव्हतं. मी तिचे बूट छातीशी धरून ऐकत राहिले.