टिकलीवाली पिल्लं

"असतं तसं" या उत्तराने वनमाला परबचं कधीच समाधान झालं नाही. भाकरी एकाच बाजूने का फुगते, केळफुलाच्या आत इतकी बारीक केळी आधीपासून कशी रचलेली असतात, असलं काही ना काही तिच्या डोक्यात सतत चालू असायचं. तिचा नवरा गुणाजी गिरणीतलं काम सुटल्यावर गोरेगावच्या एका कारखान्यात वॉचमन झाला होता. तो कामावरून आला की त्याच्यापुढे आधी चहा यायचा आणि चहाच्या पाठोपाठ प्रश्न.

दिंडोशीला टेकडीच्या पायथ्याशी त्यांची बैठी चाळ होती. खोली शेवटची, म्हणून मागे थोडी मोकळी जागा, आणि त्या जागेत वनमालाची एक तांबडी कोंबडी. शहाऐंशी सालच्या थंडीत ती खुडूक झाली. अंडी द्यायची थांबली. पिसं फुगवून रिकाम्या टोपलीत बसून राहायची आणि हात लावायला गेलं की टोचायची. तिला अंडी उबवायची होती, पण चाळीत कोंबडाच नव्हता, मग तिची अंडी नुसती खायच्या कामाची.

हे ऐकून सगुणा हसली. सगुणा मनोरीची कोळीण. तरीच्या होडीने खाडी ओलांडून मार्व्याच्या धक्क्यावर यायची आणि तिथून माशांची पाटी घेऊन मालाड, दिंडोशी करायची. वनमालाशी आधी भावावरून कडकडून भांडायची, मग तिच्याच पायरीवर बसून चहा प्यायची.

"अगो बाय, माझ्या पट्टेवालीची अंडी आणते ना! काळ्यावर पांढऱ्या आडव्या रेघा, अशी कोंबडी तू बघितली नसशील. आणि कोंबडा आहे तांबडा लालभडक."

"मग पिल्लं कुठल्या रंगाची होतील?"

"पट्ट्यांची. आईवर जातील."

"सगळी कशी जातील? अर्धी आईवर, अर्धी बापावर," वनमाला म्हणाली.

सगुणाने भाताच्या तुसात घालून अंडी आणली. वनमालाने ती तांबडीखाली ठेवली. आठवड्याभराने एकेक अंडं बॅटरीच्या उजेडावर धरून तिने आत डोकावून पाहिलं. आत लाल धाग्यांचं जाळं आणि मधे हलणारा एक ठिपका. तिने ते गुणाजीलाही दाखवलं. तो बराच वेळ डोळा लावून बसला, हे तिला आवडलं.

तीन आठवड्यांनी टोपलीतून चिवचिव सुरू झाली. कोंबडीच्या पंखाखालून एक पिल्लू बाहेर आलं. काळं. दुसरं काळं. तिसरंही काळं. पट्टे नाहीत, तांबडा रंग तर औषधालाही नाही. दोघींचेही अंदाज चुकले होते.

"गो, त्या आवशीक काय वाटत असात?" गुणाजी टोपलीकडे बघून म्हणाला. "आपण तांबडी, आणि पोरां सगळी काळी!"

पण वनमाला पिल्लांच्या जवळ तोंड नेऊन बसली होती. तिला दिसलं की काही पिल्लांच्या डोक्यावर फिकट पिवळसर टिकली आहे, आणि काहींचं डोकं कोरं काळं. हा फरक कशाचा असेल? तिने टिकलीवाल्यांच्या पायात लाल दोरा बांधला आणि वाट बघत बसली.

पिल्लांना खरी पिसं फुटायला लागली तसं उत्तरही दिसायला लागलं. लाल दोऱ्याच्या पिल्लांवर एकेक करून आईचे पट्टे उमटले. कोऱ्या डोक्याची काळीच राहिली, फक्त मानेवर बापाची तांबूस झाक आली. एवढ्यावर थांबलं असतं तरी वनमालाला पुरलं असतं. पण पुढे पट्टेवाल्यांना मोठे तुरे आले आणि एका सकाळी त्यातला एक पत्र्यावर चढून आरवला. पट्टेवाले सगळेच्या सगळे कोंबडे होते आणि काळ्या सगळ्या कोंबड्या.

"म्हणजे जन्मल्या दिवशी टिकली बघून सांगता येतं!" तिने सगुणाचा हात धरून तिला मागे नेलं. "मुलगे आईवर गेले गं, आणि मुली बापावर."

"माझ्या घरात पण तसंच आहे," सगुणा म्हणाली, आणि दोघी खूप हसल्या.

बातमी चाळभर झाली. शेजारची वसुधा एक दिवस आली. तिचा नवरा विद्याधर छापखान्यात रात्रपाळीला. दिवसा झोपायचा, तेव्हा घरात कोंबडा चालण्यासारखा नव्हता.

"वनमालाताई, मला फक्त कोंबड्याच द्या हां. हे उठले तर माझी वाट लागेल."

"बिनधास्त राहा," वनमाला म्हणाली.

एव्हाना तिने एक पट्टेवाला कोंबडा घरी ठेवला होता आणि तांबडी पुन्हा अंडी द्यायला लागली होती. त्या अंड्यांतून श्रावणात पिल्लं निघाली. या वेळी ती सरमिसळ होती, काही काळी, काही तांबूस. काळ्यांतल्या काहींच्या डोक्यावर टिकली होती. वनमालाने कोऱ्या डोक्याची दोन काळी पिल्लं निवडून वसुधाला दिली आणि टिकलीवाली कोंबडे म्हणून कापून सागोती करायला बाजूला काढली. गुणाजीने त्यांच्याकडे प्रेमाने बघायला सुरुवात केली.

थंडी पडली. एका दुपारी दारात विद्याधर उभा राहिला. डोळे तारवटलेले, लुंगीवर बनियन आणि काखेत काळाभोर कोंबडा.

"वहिनी," तो म्हणाला, "तुमची कोंबडी आरवते."

वनमालाचा चेहरा पडला. तिने तो हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला. शंकाच नव्हती. त्याच आठवड्यात सागोतीसाठी ठेवलेल्या पट्टेवाल्यांपैकी एकाने, म्हणजे एकीने, कोपऱ्यात छानसं अंडं घातलं. चाळीत हसायला विषय झाला. वसुधा दोन दिवस बोलली नाही.

हसल्याचं वनमालाला फारसं वाटलं नाही. तिला खुपत होतं ते दुसरंच. मग पहिल्या खेपेला सगळं इतकं बरोबर कसं आलं? विद्याधरचीही झोप एकदा मोडली ती मोडलीच. तो पायरीवर बसून चहा पिता पिता म्हणाला, "वहिनी, याची आई कोण?"

"आमची तांबडी."

"आणि त्या पहिल्यांची?"

"सगुणाची पट्टे..." ती मधेच थांबली. "अहो भावोजी, उलटं केलं मी! तेव्हा आई पट्ट्यांची होती. आता पट्टे बापाकडे गेले."

"मग परत सुलटं करून बघा की," विद्याधर म्हणाला. "पण यांना तेवढं माझ्या खिडकीपासून लांब ठेवा."

त्या रविवारी गुणाजीला पट्टेवाल्या कोंबड्याची सागोती आणि वडे मिळाले. त्याने ही विद्या चालू ठेवायला मनापासून पाठिंबा दिला. सोमवारी वनमाला तरीत बसून मनोरीला गेली. सगुणाच्या अंगणात बोंबील सुकत घातलेल्या वलांडीच्या बांबूंखाली पट्टेवाली उकरत होती आणि तिच्या मागेमागे तो लालभडक कोंबडा. वनमाला तिथे उकिडवी बसून दोघांकडे बघतच राहिली.

"काय मागणी घालायला आलीस काय?" सगुणाने विचारलं.

"दोघांनाही घेऊन जाते. पिल्लं मोठी झाली की परत आणून देईन. देशील?"

सगुणाने कुरकुर केली, आणि जोडी दिली.

पुढची खेप निघाली तेव्हा पिल्लं परत सगळी काळी. वनमालाने यंदा कुणाला काही कबूल केलं नव्हतं. विद्याधर पाळीवरून येऊन झोपायच्या आधी टोपलीपाशी बसला. एक कोऱ्या डोक्याचं पिल्लू त्याने ओंजळीत घेतलं.

"हे देऊ का वसुधाला?"

"द्या. पण आरवलं तर मी जबाबदार नाही," ती म्हणाली.

पिसं फुटली, तुरे आले, टिकलीवाले आरवले. विद्याधरकडची काळी काही आरवली नाही. गणपतीच्या आधी तिने अंडं दिलं, तेव्हा वसुधानेच ते गरम गरम आणून वनमालाच्या हातावर ठेवलं. टिकली मुलग्यांनाच का आणि मुलींना का नाही, हे मात्र वनमालाला कुणी सांगू शकलं नाही. विद्याधरनेही हात टेकले. "असतं तसं," असं म्हणायची मात्र त्याची छाती झाली नाही.

पाऊस उघडल्यावर सगुणाची जोडी परत द्यायला ती मनोरीला गेली. येताना तरीत समोर एक म्हातारी बसली होती. तिच्या मांडीवरच्या करंडीत एक कोंबडी होती, सगळी पिसं उलटी वळलेली, वाऱ्यात सापडल्यासारखी. वनमाला आधी नुसती बघत होती. मग जागा बदलून ती म्हातारीच्या शेजारी जाऊन बसली.

"मावशी," तिने विचारलं, "हिची पिल्लं कशी निघतात हो? सगळीच अशी, की काही सरळ पिसांची पण?"

"कोण जाणे बाई. कधी बसवलीच नाही," म्हातारी म्हणाली.

होडी मार्व्याच्या धक्क्याला लागली. उतरणारे एकमेकांना ढकलत वर चढले. वनमाला म्हातारीची करंडी एका बाजूने धरून तिच्याबरोबर हळूहळू चालत होती आणि घर कुठे, कोंबडी अंडी कधी देते, घरात कोंबडा आहे का, आणि तो कुठल्या रंगाचा, हे सगळं विचारून घेत होती.